साइनचा नियम की कोसाइनचा?

त्रिकोण अबक मध्ये कोन अ ३०°, बाजू अक १० सेमी आणि त्या कोनासमोरची बाजू बक ६ सेमी दिली असेल, तर असे त्रिकोण किती, हे दोन मार्गांनी ठरवता येते.

साइनच्या नियमाने (प्रत्येक बाजू आणि तिच्यासमोरच्या कोनाचा साइन यांचे गुणोत्तर सारखे असते) ब कोनाचा साइन ५/६ येतो. कॅल्क्युलेटर ५६.४° दाखवतो आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात. वास्तविक त्याचा पूरक कोन १२३.६° हाही ३०° मध्ये मिळवल्यास बेरीज १८०° पेक्षा कमी राहत असल्याने दुसरा त्रिकोणही तितकाच खरा असतो. ही तपासणी आठवणीने करावी लागते, हाच या मार्गाचा दोष.

कोसाइनच्या नियमात (बक² = अब² + अक² − २ × अब × अक × कोसाइन अ) अब ही बाजू क्ष मानल्यास क्ष² − १७.३२क्ष + ६४ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे सुमारे ११.९८ आणि ५.३४, दोन्ही धन, म्हणून त्रिकोण दोन. बक ४ सेमी असती तर विवेचक (मुळे काढताना वर्गमुळाखाली येणारी राशी) ऋण येऊन त्रिकोणच झाला नसता, ५ सेमीला एकच काटकोन त्रिकोण, आणि १२ सेमीला एक मूळ ऋण निघाल्याने पुन्हा एकच. आकडेमोड किचकट खरी, पण त्रिकोणांची संख्या समीकरणच सांगते, म्हणून माझी पसंती याला. केवळ संख्याच हवी असेल, तर मात्र १० × साइन ३०° = ५ सेमी ही क पासून अब वरची उंची काढून बक तिच्याशी आणि अक शी ताडून पाहणे सर्वांत झटपट.