गोरीत्सिया की ऑस्टिन? पटकथाकाराने कोणता महोत्सव निवडावा

बहुतेक चित्रपट महोत्सवांत पटकथेच्या वाट्याला एखादे पारितोषिक येते आणि बाकी सारा प्रकाशझोत दिग्दर्शकावर व कलावंतांवर राहतो. पटकथा हाच ज्यांचा केंद्रबिंदू आहे असे महोत्सव मोजकेच आहेत. इटलीतील गोरीत्सिया येथे दिला जाणारा ‘सर्जो अमिदेई आंतरराष्ट्रीय पटकथा पुरस्कार’ आणि अमेरिकेतील टेक्सास राज्यात भरणारा ‘ऑस्टिन फिल्म फेस्टिव्हल’ ही त्यांपैकी दोन ठळक नावे होत. सुट्टी, पैसा आणि व्हिसा यांचा मेळ घालून वर्षातून एकाच ठिकाणी जाता येणार असेल, तर या दोहोंतील मूलभूत फरक आधी समजून घेतला पाहिजे. गोरीत्सियात पडद्यावर आलेल्या चित्रपटाच्या पटकथेचा गौरव होतो. ऑस्टिनमध्ये अजून कागदावरच असलेली पटकथा स्पर्धेत उतरते.

सर्जो अमिदेई हे १९०४ मध्ये त्रिएस्ते येथे जन्मलेले पटकथाकार. ‘रोम, ओपन सिटी’सह इटालियन नववास्तववादाच्या, म्हणजे सामान्य माणसांचे खडतर जगणे वास्तवदर्शीपणे मांडणाऱ्या युद्धोत्तर प्रवाहाच्या, अनेक महत्त्वाच्या चित्रपटांच्या लेखनात त्यांचा वाटा होता आणि ऑस्करसाठी त्यांना चार नामांकने मिळाली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू झाला. तो रोममध्ये न देता स्लोव्हेनियाच्या सीमेला खेटून असलेल्या एका लहान शहरात दिला जातो, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. १९४७ मध्ये आखलेल्या सीमेने गोरीत्सियाचा परिसर दोन देशांत विभागला गेला आणि पलीकडच्या बाजूला नोव्हा गोरीत्सा हे नवे शहर वसले. २०२५ मध्ये ही दोन्ही शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. जुलै महिन्यातील संध्याकाळी तेथील कोरोनीनी क्रोनबर्ग उद्यानात मोकळ्या आकाशाखाली स्पर्धेतील चित्रपट दाखवले जातात. गर्दी बेताची असल्यामुळे पाहिलेल्या चित्रपटावर निवांत बोलता येते.

येथील स्पर्धेत आपली संहिता पाठवता येत नाही. नुकत्याच प्रदर्शित झालेल्या चित्रपटांमधून काही मोजके निवडले जातात आणि परीक्षक मंडळ त्यांतील सर्वोत्कृष्ट पटकथा ठरवते. त्यामुळे नवोदिताने येथे जायचे ते अभ्यासक म्हणून. मराठी लेखकाला तेथे एक गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्या श्रेयनामावलीत जशी ‘कथा, पटकथा, संवाद’ अशी विभागणी असते, तशी इटालियन चित्रपटांतही मूळ कथाकल्पना आणि पटकथा यांची श्रेये वेगळी दिली जातात आणि एका पटकथेखाली तीन-चार लेखकांची नावे असणे तिथे नवलाचे मानले जात नाही. अडचण भाषेची आहे, कारण चर्चा प्रामुख्याने इटालियनमध्ये होतात. ती भाषा अजिबात येत नसेल तर निम्मा महोत्सव हातातून निसटेल.

ऑस्टिनचा स्वभाव अगदी निराळा. १९९३ मध्ये स्थापन झालेला हा महोत्सव ऑक्टोबरमध्ये आठ दिवस चालतो आणि त्यातील पहिले चार दिवस पटकथाकारांच्या परिषदेचे असतात. शहराच्या मध्यवस्तीतील जुने ड्रिस्किल हॉटेल हे या गजबजाटाचे केंद्र असून, दिवसभराच्या सत्रांपेक्षा रात्री तेथील बारमध्ये झालेल्या ओळखीच अधिक उपयोगी पडतात, असे तेथे जाऊन आलेले लोक हमखास सांगतात. पटकथा स्पर्धेत हजारो प्रवेशिका येतात. पहिली चाळणी ओलांडणाऱ्यांना ‘सेकंड राउंडर’ म्हणतात आणि हा शिक्काही लेखक आपल्या परिचयात आवर्जून लिहितात. विजेत्यांना कांस्य टाइपरायटर मिळतो. याखेरीज आपली कथाकल्पना ९० सेकंदांत परीक्षकांसमोर मांडण्याची स्पर्धा असते. ज्यांना लिहिता येते पण बोलताना घाम फुटतो, त्यांच्यासाठी ती उत्तम तालीम ठरते.

मात्र संहिता इंग्रजीत असावी लागते आणि इथेच मराठी लेखकाने स्वतःशी प्रामाणिक राहायला हवे. साताऱ्याच्या बोलीत सुचलेला संवाद इंग्रजीत नेताना त्याचा नेमका खुमार गळून पडतो आणि पहिल्याच चाळणीतील वाचकाला एक सपाट, परकी वाटणारी संहिता दिसते. मुळातच इंग्रजीत विचार करून लिहिणाऱ्याला, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी लेखकाला, ही अडचण नाही. त्याने ऑस्टिनच निवडावे. प्रवेशशुल्क मुदत जवळ येईल तसे वाढत जाते, म्हणून संहिता लवकर पाठवणे शहाणपणाचे. प्रत्यक्ष परिषदेला जायचे तर प्रवेशपत्रासाठीच काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला विमानभाडे व अमेरिकी व्हिसाची मुलाखत या गोष्टी वेगळ्या जमेस धराव्या लागतात. स्पर्धेत भाग घेण्यासाठी मात्र तिथे हजर राहणे आवश्यक नसते, त्यामुळे निकाल हाती आल्यावर प्रवासाचा विचार केला तरी चालते.

मराठीतच लिहायचे असेल, तर गोरीत्सियाचा मार्ग लांबचा असला तरी तत्त्वतः बंद नाही, कारण तयार चित्रपटाच्या पटकथेचा विचार करणारे परीक्षक उपशीर्षकांच्या आधारे मूळ भाषेपर्यंत पोहोचू शकतात. इटलीतच याचा दाखला आहे. २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांना ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. अर्थात त्यासाठी आधी चित्रपट तयार व्हावा लागतो आणि त्याला निर्माता लागतो. निर्मात्याच्या शोधात असलेल्या लेखकाने हे दोन्ही परदेशी महोत्सव तूर्त बाजूला ठेवून नोव्हेंबरात गोव्यात इफ्फीबरोबर, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर, भरणारा फिल्म बाजार (आताचे नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’) गाठणे अधिक व्यवहार्य आहे, कारण सहनिर्मितीसाठी प्रकल्प शोधणारी मंडळी तिथेच भेटतात आणि पणजीला पोहोचायला व्हिसा लागत नाही.