हेराल्ड गाडी भंगारात घालायच्या आधी बेळगावच्या उद्यमबागला दाखवा

खानापूरच्या पावसात गंजून पडलेली काकांची स्टँडर्ड हेराल्ड, घरात सगळ्यांचं एकच, वजनावर घालून मोकळे व्हा. उद्यमबागच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजला नेली, आणि तिथले मिस्त्रीमामा म्हणजे एक नंबर माणूस बघा. रंग-इंजिन काही बघितलं नाही, स्क्रूड्रायव्हर घेऊन सरळ गाडीखाली झोपले. मेन चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, टोचलं तर ठण्ण आवाज, कडेच्या आडव्या पट्ट्यांना टोचलं तर आतच घुसला आणि लाल चुरा भुरुभुरु खाली. म्हणाले, "हिची बॉडी बोल्ट काढून उचलता येते म्हणून वाचतेय, मेन चेसिस कुजली असती तर मीच मोडीत काढा म्हटलं असतं." हेराल्ड मूळची ट्रायम्फ ह्या ब्रिटिश कंपनीची, त्यांची स्पिटफायर स्पोर्ट्स कार पण ह्याच चेसिसवरनं निघालेली, पण तिला नुसती हीच कसोटी पुरत नाही, तिच्यात दाराखालच्या बॉडीच्या पट्ट्याही भार घेतात, त्याही टोचून बघा. पुट्टी थापून चकचकीत करून देणारे लय आहेत, हे कुजलेलं कापून नवीन पत्रा वेल्ड करतात. वेळ मात्र लावतात, फोन उचलत नाहीत, काचा-रबर आपणच शोधायचं. आणि गाडीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमात व्हिंटेज नोंदणी होते, फी २०,०००, मुदत १० वर्षं, पण मग रोज फिरवता येत नाही, ते आधी ठरवून जावा.