मुलांच्या आयसीयूत एअर मॅट्रेस: उन्हाळा ते गणपती वापरल्यानंतर

मुंबईतल्या एका पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या आयसीयूत, मी स्टाफ नर्स आहे. आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची एअर मॅट्रेस आमच्याकडे उन्हाळ्यात आली. आता गणपती होऊन गेले. बेडसोअर टाळायला ती घ्यावी का, असं पालक विचारतात म्हणून लिहिते.

मोठ्या मुलांना फायदा दिसला. व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधांवर असलेल्या मुलांच्या माकडहाडावर आणि टाचांवर येणारी लाली कमी झाली. पेशंट बदलला की पंपावरचं वजनाचं बटण मात्र फिरवावंच लागतं. वर एकच पातळ चादर हवी. मॅकिंटॉश (रबरी चादर), ड्रॉ शीट (कमरेखालची आडवी चादर), दुपटं असे थर चढवले की गादी असून नसल्यासारखी. पावसाळ्यात प्लास्टिकच्या आवरणावर पाठ घामेजते, आणि ओली कातडी लवकर सोलते. ही तिची खरी उणीव.

तान्ह्या बाळांना ती मी मुळीच देणार नाही. कप्पे मोठ्यांच्या मापाचे, बाळ दोन कप्प्यांच्या खोबणीत घसरतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे जखम बहुतेकदा डोक्याच्या मागे होते आणि केसांत लपते. तिथे जेलची उशी आणि थोड्या थोड्या वेळाने डोकं वळवणं हेच कामी येतं. भोकाची गोल उशी किंवा पाणी भरलेले हातमोजे नकोत. त्यांनी दाब नुसता कडेला सरकतो.

आणि कितीतरी जखमा गादीच्या आवाक्यातल्याच नसतात! सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा मास्क नाकाच्या दांड्यावर रुततो, ऑक्सिमीटरचा प्रोब बोटावर, ट्यूबची चिकटपट्टी गालावर. मास्कखाली सिलिकॉन फोमचा पातळ तुकडा आम्ही लावतो, प्रोबची जागा बदलत राहतो. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: जागा गरम, घट्ट लागते का. लाल जागा चोळायची नाही, हे मावशींनाही सांगून ठेवलंय.

मुलांना बेडसोअरचा धोका किती हे मोजणाऱ्या ब्रेडन-क्यू मापनाचे गुण (7 ते 28; कमी गुण म्हणजे जास्त धोका) 16 किंवा त्याखाली आले की आम्ही जास्त सावध होतो. बीपी फारच डळमळीत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं गादीवरही चालूच असतं. ‘आता गादी आहे ना’ म्हणून ते टाळलेलं मला अजिबात खपत नाही.

शाळकरी मुलासाठी जरूर घ्या. पाळण्याच्या मापाची, बारीक कप्प्यांची मिळाली तर तीही वापरून लिहीन.