आधी मुद्दा की आधी नाते?

उत्तर अमेरिकेतील काही महाविद्यालयांत आत्मपर निबंध आणि जाहीर भाषण शिकण्याचे दोन मार्ग उपलब्ध असतात: एक नेहमीचा वर्ग, आणि दुसरा मूलनिवासी लेखक-वक्त्यांच्या दृष्टीतून शिकवणारा.

नेहमीच्या वर्गात आधी मुद्दा मांडायचा आणि मग त्याला पुरावे जोडायचे, असा क्रम असतो. परीक्षा, अर्ज आणि वादविवाद यांसाठी तो सरळ उपयोगी पडतो. तेवढीच गरज असेल तर दुसरीकडे वळण्याचे कारण नाही.

दुसऱ्या वर्गात मुद्द्याआधी नाते येते, म्हणजे बोलणारा कोणाचा आणि कोणाला उत्तरदायी, हे आधी ठरते. हौदेनोसौनी (इरोक्वाय) या मूलनिवासी जमातींच्या संघाच्या सभेत कामकाजापूर्वी माणसे, पृथ्वी, पाणी, वनस्पती यांचे क्रमाने आभार मानले जातात, आणि शिंपल्यांच्या मण्यांचा वॅम्पम पट्टा दिलेल्या शब्दाची साक्ष ठेवतो.

निबंधाच्या बाबतीत हा फरक यँक्टन डकोटा जमातीच्या लेखिका झिटकाला-शा यांच्या १९०० सालच्या आत्मपर लेखांत स्पष्ट दिसतो. मूलनिवासी मुलांना गोऱ्यांच्या चालीरीती लावणाऱ्या निवासी शाळेत केस कापले जाणार हे कळल्यावर लहानगी मुलगी पलंगाखाली लपते, तिला ओढून काढून खुर्चीला बांधतात, आणि मानेला कात्रीचे थंड पाते लागते. तिच्या लोकांत आखूड केस शोक करणारे ठेवीत आणि भेकडांचे केस कापले जात, हे लेखिका सांगते. त्या प्रसंगात निवासी शाळांविषयीचे प्रतिपादन वेगळे करावे लागत नाही. पुढे महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत विरोधी गटाने तिची टवाळी करणारा फलक फडकावला, तरी तिने बक्षीस मिळवले. मात्र त्या रात्रीचे वर्णन खोलीतल्या एकटेपणाशी आणि दूरच्या आईच्या आठवणीशी येऊन थांबते. विजयाचा असा शेवट नेहमीच्या वर्गात बहुधा लाल शाईने दुरुस्त झाला असता.

दुसऱ्या वर्गाची निवड मात्र नाव पाहून करू नये. एकट्या अमेरिकेत ५७० हून अधिक मान्यताप्राप्त जमाती असताना ‘मूलनिवासी शैली’ म्हणून एकच साचा शिकवला जात असेल, तर तो वर्ग टाळलेला बरा. हौदेनोसौनींपैकी सेनेका जमातीचे वक्ते रेड जॅकेट यांचे मिशनऱ्याला दिलेले १८०५ चे उत्तर दुभाष्याच्या इंग्रजीतून आपल्यापर्यंत आले आहे, याची चर्चा तिथे होते का, हे विचारावे. अनेक जमातींत काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगतात, तर काही बाहेरच्यांना सांगतच नाहीत. हे बंधन शिक्षक पाळत असतील, तर स्वतःच्या घराविषयी लिहू पाहणाऱ्याने, गुणांची फार घाई नसल्यास, हाच वर्ग घ्यावा.