दुसरा गिअर मीच टाकणार: माझ्दा एमएक्स-५ मॅन्युअल

मॅन्युअल गाडी जास्त पळते आणि कमी पेट्रोल पिते, हे सांगणारे लोक अजून भेटतात. एकेकाळी ते खरंही होतं. तेव्हाच्या ऑटोमॅटिकला तीन-चार गिअर असत आणि टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल घुसळण्यातच बरीच ताकद वाया जाई. आता आठ-दहा गिअर असतात, कन्व्हर्टर लवकर लॉक होतो म्हणजे तेलाला वगळून थेट जोडला जातो, आणि डबल क्लचवाले गिअरबॉक्स तर पुढचा गिअर आधीच लावून बसलेले असतात. आपला पाय क्लचपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं काम आटोपलेलं असतं. तेव्हा निव्वळ आकड्यांसाठी मॅन्युअल घेणार असाल तर तो हिशेब जुना झाला, एवढं सांगून पुढे जाते.

तरी लोक मॅन्युअल मागतात, आणि पैसेवाले जास्त हट्टाने मागतात. पोर्शेने २०१३ साली नवी ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार आणली ती फक्त पीडीके या डबल क्लच गिअरबॉक्ससह. गाडी अफाट वेगवान होती, पण चाहते रुसले. मग २०१६ मध्ये ९११ आर आली, फक्त मॅन्युअल आणि मोजून ९९१ गाड्या. आणि २०१७ च्या जीटी३ला क्लचचं पेडल परत मिळालं. त्या गाडीचे कंपनीचेच आकडे बघा: शून्य ते ताशी १०० किलोमीटर, पीडीकेला ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. म्हणजे अर्धा सेकंद हळू आहे हे ठाऊक असून लोक तिच्यासाठी रांगेत उभे राहिले.

त्या अर्ध्या सेकंदाच्या बदल्यात काय मिळतं, ते मला जीटी३ न घेताच कळलंय. माझी गाडी माझ्दा एमएक्स-५, चौथ्या पिढीची, दोन लिटर इंजिन, सहा गिअर. दोन सीट, कापडी छप्पर, १३० लिटरची डिकी. डॅशबोर्डला नेहमीसारखा कप्पा नाही. कागदपत्रं दोन सीटच्या मागे मधोमध असलेल्या कप्प्यात जातात आणि चालत्या गाडीत ती काढायची तर खांदा उलटा फिरवावा लागतो. कुटुंबाला उपयोग शून्य. आमच्या घरी दुसरी गाडी आठ गिअरची ऑटोमॅटिक आहे, नवऱ्याची, आणि सामान, पाहुणे, पाऊस हे सगळं तिच्या वाट्याला येतं.

आता गिअरबॉक्स. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, पुढे. तुमच्या हातातला लिव्हर तिथपर्यंत केबलने पोचतो. केबल कितीही चांगली असली तरी थोडी ताणते, थोडी लवचिक असते, म्हणून कधी कधी गिअर नक्की पडला की नाही अशी शंका येते. एमएक्स-५मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्स थेट तुमच्या कोपराजवळ, लिव्हरच्या खालीच येतो. लिव्हर सरळ त्याच्यातच उतरलेला. हालचाल इतकी छोटी की मनगटाने काम भागतं. पहिल्यातून दुसऱ्यात जायला हात सीटवरून उचलल्यासारखा वाटतच नाही. चांगल्या सुताराने केलेला ड्रॉवर शेवटच्या इंचात आपणहून आत ओढला जातो, तसा गिअर शेवटी आत खेचला जातो. ते खेचणं म्हणजे सिंक्रोनायझरने दोन्ही गिअरचे वेग जुळवून दिल्याची पावती. १९२८ मध्ये कॅडिलॅकने हे करणारं सिंक्रोमेश आणलं, त्याआधी हे जुळवणं चालवणाऱ्याच्या कानावर आणि पायावर होतं: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच. मला त्या काळाची अजिबात ओढ नाही.

सहावा गिअर इथे डायरेक्ट आहे, म्हणजे १:१, इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधूनही एकच फेरा. बऱ्याच गाड्यांत शेवटचे दोन गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारे असतात, हायवेवर इंजिन शांत ठेवण्यासाठी. इथे तसं नाही. शंभरच्या वेगात इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) जवळ फिरत असतं. छप्पर उघडं असेल तर कोणाला ऐकू येणार आहे म्हणा. पण वरचे गिअर एकमेकांच्या जवळ आहेत, आणि हीच मेख आहे. साठच्या वेगात चौथ्यात साधारण २,३५० आरपीएम, तिसऱ्यात ३,००० आणि दुसऱ्यात ४,४००. एकाच वेगात तीन वेगळ्या गाड्या. चौथ्यात ती रमतगमत चालते, तिसऱ्यात तयार असते, दुसऱ्यात ती चिडलेली असते.

यातली कोणती हवी ते कोण ठरवणार, यावर सगळं येऊन थांबतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला काय काय कळतं? गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेक दाबलाय का, चढ आहे का. सगळं आत्ताचं. मला पुढचं दिसतं. घाटात पुढे उजवं वळण आहे, त्याच्या तोंडाशी चढ आहे आणि वर एक ट्रक रांगतोय, हे मला दोनशे मीटर आधी दिसतं. मी वळणाच्या आधीच तिसऱ्यातून दुसऱ्यात येते, वळणभर इंजिन ताणलेलं राहतं आणि वळण सुटताना गाडी माझ्या पायाखाली असते. नवऱ्याची गाडी तिथे काय करते? मी ॲक्सिलरेटर सोडला की तिला वाटतं बाई निवांत झाल्या, ती वरचा गिअर टाकते. मग वळणातून निघताना मी पाय दाबते, ती क्षणभर विचार करते आणि एकदम दोन गिअर खाली उडी मारते. गाडी वाईट नाही हो. तिला फक्त रस्ता दिसत नाही.

हे गाडी बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. रोल्स रॉइसने २०१३ च्या रेथमध्ये उपग्रहाच्या नकाशावरून पुढचं वळण ओळखून आधीच गिअर ठरवणारी आठ गिअरची यंत्रणा दिली. कल्पना पटली. पण नकाशात वळण असतं, ट्रक नसतो, आणि मला आज घाई आहे की नाही हेही नसतं.

यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "स्टिअरिंगमागे पॅडल दिलेत ना, बदल की हाताने!" एमएक्स-५ सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही मिळते, पॅडलसकट, आणि मी ती चालवून बघितली. पॅडल ओढलं की अर्ज दाखल होतो. मंजूर करायचा की नाही ते संगणक बघतो. शिवाय क्लच नसल्यामुळे मधला सगळा भाग गायब. मॅन्युअलमध्ये खालचा गिअर टाकताना ब्रेकवरच्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, म्हणजे क्लच सोडताना धक्का बसत नाही. या गाडीत ती टिचकी आपोआप देणारी सोय नाही, आणि ॲक्सिलरेटरचं पेडल खाली जमिनीला बिजागरीने जोडलेलं असल्यामुळे पाऊल टेकवून ते जमतं. नीट जमलं की मागे बसलेल्याला, म्हणजे इथे शेजारी बसलेल्याला, गिअर बदलल्याचं कळतसुद्धा नाही. कोणी कौतुक करत नाही. मला चालतं.

ट्रॅफिकबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंच इंच सरकणाऱ्या रांगेत मॅन्युअल म्हणजे शिक्षाच. या गाडीचा क्लच हलका आहे आणि कुठे पकडतो ते पायाला स्पष्ट कळतं, पण तासाभराने हलका क्लचही जड होतो. डाव्या गुडघ्याचा त्रास असेल, रोजचा रस्ता सिग्नलांचा असेल, तर माझं ऐकू नका. नवऱ्याने याच कारणासाठी ऑटोमॅटिक घेतली आणि गर्दीच्या दिवशी तिचीच किल्ली मी उचलते. तिथे पुढचं दिसूनही काही फायदा नसतो, कारण पुढे फक्त मागचे दिवे असतात.

क्लचचं आयुष्य मात्र बरंचसं आपल्या पायावर आहे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. चढावर ब्रेक सुटल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय यात आहे, ती वापरा. क्लचवर पाय ठेवून चालवलं तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला दाबणारं बेअरिंग) नाहक झिजत राहतं. लिव्हरवर हात टेकवून बसणाऱ्यांचा हात गिअरबॉक्समधल्या, गिअर सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कवर सतत दाब देत असतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं.

इलेक्ट्रिक गाड्यांत गिअरबॉक्सची ही भानगडच उरत नाही. तरी ह्युंदाईने २०२३ च्या आयोनिक ५ एनमध्ये खोटे गिअर आणि खोटा इंजिनाचा आवाज दिलाय, पॅडल ओढलं की मोटर मुद्दाम हिसका देते. मला आधी हसू आलं. पण ज्यांनी ती बनवली त्यांना नक्की काय हरवतंय ते कळलेलं दिसतं, एवढं मान्य. क्लच मात्र तिच्यातही नाही.

वापरलेली मॅन्युअल बघायला जाणार असाल तर तीन गोष्टी करा. पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे वाढले आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. तिसऱ्यातून दुसऱ्यात या, घाई न करता. करकर ऐकू आली तर दुसऱ्याचा सिंक्रो झिजलाय. प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन एकदम पाय काढा, लिव्हर आपणहून न्यूट्रलला उडी मारत नाही ना ते बघा. आणि सुरुवात थंड इंजिनावर करा. तेल थंड असताना कोणताही मॅन्युअल गिअरबॉक्स पहिले काही मिनिटं जरा अडतो, ते चालेल, पण खोड लपत नाही. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी फिरवून गरम केली असेल तर चहा न घेता निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता परत जा.