राम ट्रकचं हिवाळी सामान: हीटर पुरेसा आहे, उणीव बॅटरीच्या बाजूला

कॅनडातल्या एडमंटन, सॅस्काटून, विनिपेग या पट्ट्यात डिझेल पिकअप घेतला की ब्लॉक हीटरबद्दल (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर) सगळेच सांगतात. बॅटरीबद्दल मात्र गाडी पहिल्यांदा 'टक टक' करून थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. हे परीक्षण राम २५०० आणि ३५०० मधल्या ६.७ लिटर कमिन्स डिझेल इंजिनसाठी लागणाऱ्या सामानाचं आहे: कंपनीचा हीटर आणि कॉर्ड, बॅटरीचे हीटर, चार्जर, टायमर. कमिन्स हे नाव १९६२ पासून पुण्यात रुजलेलं, कोथरूडच्या कारखान्यामुळे घराघरांत माहीत असलेलं. पण तिथल्या जनरेटरला जे आयुष्यात लागणार नाही ते इथे नोव्हेंबर ते मार्च रोज लागतं.

निकाल आधीच सांगतो. कंपनीचा ७५० वॅटचा हीटर उत्तम आहे, तो बदलायच्या भानगडीत पडू नका. पैसे कॉर्ड, चार्जर आणि बॅटरीभोवतीच्या हीटरवर घाला.

हीटर आणि कॉर्ड

हीटर ब्लॉकमध्येच बसवलेला असतो आणि त्याचं एलिमेंट थेट कूलंटमध्ये बुडालेलं असतं. म्हणूनच बाहेरून चिकटवायच्या कुठल्याही प्रकारापेक्षा तो सरस ठरतो: निर्माण झालेली उष्णता दुसरीकडे जाऊच शकत नाही. गंमत अशी की गरम प्रदेशात विकलेल्या बऱ्याच ट्रकमध्ये हीटर असतो, पण कॉर्ड नसते. जुना ट्रक घेताना पुढच्या ग्रिलमधून प्लग बाहेर डोकावत नसेल तर हीटरच नाही असं समजू नका. उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या आसपास ब्लॉकवर टोपी घातलेल्या पिना दिसतात. उजवं पुढचं चाक काढून व्हील वेलमधून हात घातला की काम सोपं होतं. मोपारची (रामच्या मूळ सुट्या भागांचा ब्रँड) कॉर्ड आटे असलेल्या कॉलरने घट्ट बसते. बसवण्याआधी पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पंख्यापासून लांबून आणून दर वीतभर अंतरावर बांधा.

हीटर चालतो का हे बघायला मल्टिमीटर पुरतो. कॉर्डच्या दोन चपट्या पिनांमध्ये साधारण १९ ओहम दिसायला हवेत (१२० व्होल्टला ७५० वॅट म्हणजे सव्वासहा अँपिअर). अनंत दाखवलं तर एलिमेंट किंवा कॉर्ड तुटलेली. चपटी पिन आणि गोल अर्थ पिन यांच्यात काहीही वाचन आलं तर गळती आहे, आणि मग जीएफसीआय सॉकेट (गळती होताच वीज तोडणारं) ट्रिप होणारच. उन्हाळाभर पडून राहिलेल्या एलिमेंटमध्ये ओल शिरूनही असं होतं, म्हणून ही तपासणी ऑक्टोबरात करा. शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्स डिझेलवाल्यांसाठी एक इशारा: त्यांच्या मूळ कॉर्डमध्येच थर्मोस्टॅट असतो आणि तो साधारण उणे १८ च्या खालीच जोडणी करतो. उणे १० ला मीटर लावून 'हीटर मेला' म्हणत नवा विकत घेणारे दरवर्षी निघतात.

एलिमेंट जळतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: कूलंट बदलल्यावर आत हवेचा फुगा राहतो, आणि इंजिन फिरवून तो बाहेर काढायच्या आत कोणीतरी प्लग लावतं. कोरडं एलिमेंट काही मिनिटांत जातं. कूलंटचं काम झाल्यावर आधी इंजिन पूर्ण गरम करा, पातळी भरा, मग प्लग लावा. मिश्रणाचंही बघून घ्या. निम्मं-निम्मं कूलंट साधारण उणे ३७ पर्यंत तग धरतं; उत्तर अल्बर्टात ६० टक्के अँटिफ्रीझ लागतं, ते उणे ५० च्या पलीकडे नेतं.

किती वेळ लावायचा

'दोन तास पुरे' हा सल्ला छोट्या गाड्यांचा आहे. कमिन्सचा ओतीव लोखंडाचा गठ्ठा अर्धा टन भरतो, त्यात कूलंट आणि ऑइल वेगळं. हिशेब केला तर ७५० वॅट तासाभरात हा सगळा पसारा फार तर आठ-नऊ अंशांनी चढवू शकतात, तेही वाऱ्याने काहीच नेलं नाही तर. म्हणजे उणे ३० ला चार तास दिले की इंजिन शून्याच्या अलीकडे-पलीकडे येतं आणि तेवढं सुरू होण्यासाठी भरपूर झालं. उणे १५ ला तीन तास, उणे ३५ च्या खाली पाच. त्यापुढे इंजिन जितकी उष्णता घेतं तितकीच सोडू लागतं आणि मीटर नुसता फिरतो. रात्रभर बारा तास लावला तर ९ युनिट जातात, चार तासांना ३. महिन्याकाठी हा फरक १८० युनिटांचा होतो.

हीटर ऑइल पॅनपर्यंत फारसा पोचत नाही हेही लक्षात घ्या. त्यासाठी सिलिकॉनचा पॅड चिकटवतात. वूल्व्हरीनचे पॅड ठीक आहेत, पण पॅन घासून, ब्रेक क्लीनरने पुसून, गरम असताना चिकटवला नाही तर कोपरा सुटतो आणि तिथेच पॅड जळतो. आमच्या मते त्याआधी ऑइल बदला. १५डब्ल्यू-४० ची थंड क्रँकिंगची चाचणी उणे २० ला होते, ५डब्ल्यू-४० ची उणे ३० ला. रामच्या पुस्तिकेतही उणे १८ च्या खाली ५डब्ल्यू-४० सिंथेटिकच सांगितलं आहे. ते घातलं असेल तर बहुतेकांना पॅडची गरज उरत नाही.

खरी अडचण

आता बॅटरी. उणे १८ ला लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच तापमानाला थंड इंजिन फिरवायला दुपटीच्या आसपास जोर लागतो. ब्लॉक हीटर या समीकरणाची दुसरी बाजू सुधारतो. पहिली तशीच राहते, कारण ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या फेंडरजवळ आहेत आणि त्यांच्यापर्यंत ब्लॉकची ऊब जात नाही.

त्यात २०२४ पर्यंतच्या कमिन्सला ग्लो प्लग (सिलिंडरमध्ये तापणाऱ्या कांड्या) नाहीत, ग्रिड हीटर आहे. येणारी हवा तापवणारी ही जाळी शंभरपेक्षा जास्त अँपिअर ओढते, थंडीत चावी फिरवल्यावर अर्ध्या मिनिटापर्यंत, आणि इंजिन सुरू झाल्यावरही थांबून थांबून. हेडलाइट मंद-तेज होताना दिसतात ते यामुळे. दोन-तीन सेकंदांच्या स्टार्टरपेक्षा ही जाळीच बॅटरी जास्त खाते. इंजिन प्लग लावून गरम ठेवलं तर तिचा वेळ कमी होतो, संपत नाही. भरीला गारठलेली बॅटरी चार्ज घेतच नाही नीट. दहा मिनिटांवरच्या नोकरीला जाऊन परत येणारा ट्रक रोज थोडा थोडा रिकामा होतो, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो तेव्हा दोष त्या रात्रीच्या थंडीला दिला जातो.

रिकाम्या बॅटरीचा दुसरा धोका गोठण्याचा. पूर्ण चार्ज बॅटरीचं ॲसिड उणे ६० च्या आसपास गोठतं, निम्म्या चार्जची साधारण उणे २५ ला, पूर्ण उतरलेली उणे १० च्या आधीच. पोटं फुगलेली बॅटरी दिसली तर जंपर लावू नका, चार्जर लावू नका. आत बर्फ असताना करंट दिला तर ती फुटते. बाजू फुगली असेल तर ती गेलीच. (रेडिओवर विंड चिल उणे ४५ सांगितलं म्हणून बॅटरी उणे ४५ ला जात नाही. वारा तिला हवेच्या तापमानापर्यंत लवकर नेतो, त्याखाली नाही.)

तपासणीची पद्धत साधी आहे. ट्रक काही तास उभा ठेवा, मग मीटर लावा: १२.६ च्या वर पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असल्याने एकत्र मोजलेला आकडा फसवतो; एक खराब असली तर ती दुसरीला रात्रभर खाली ओढते. दोन्हींच्या निगेटिव्ह केबल काढून वेगवेगळं मोजा. बदलायच्या तर जोडीने, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या.

चार्जर

नोकोचा जीनियस १० या कामाला बरोबर बसतो. १० अँपिअर, दोन बॅटऱ्यांना पुरेसा, आणि वीज जाऊन आली तरी आधीचा मोड लक्षात ठेवतो. हा शेवटचा गुण महत्त्वाचा, कारण प्रेअरीतल्या (कॅनडाच्या या सपाट पट्ट्यातल्या) बऱ्याच पार्किंगमध्ये सॉकेट काही मिनिटं चालू, काही मिनिटं बंद अशी फिरतात. दोन बॅटऱ्या मिळून १६० अँपिअर-तास धरल्या तर निम्म्यावरून भरायला आठ तास आणि वरचे शेवटचे थोडे टक्के भरायला आणखी दोन-तीन. तापमानाप्रमाणे व्होल्टेज वाढवणारा चार्जरच घ्या: तापमान घसरलं की दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे २५ अंशांना १४.४ ने भागतं तिथे थंडीत तोच आकडा अपुरा पडतो आणि चार्जर मात्र हिरवा दिवा दाखवून मोकळा होतो. एजीएम बॅटरी (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) असेल तर एजीएमचाच मोड निवडा.

बॅटरी टेंडर ज्युनिअर पाऊण अँपिअरचा आहे. भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला छान, म्हणजे सुट्टीत भारतात गेल्यावर महिनाभर उभ्या राहणाऱ्या ट्रकला. उतरलेली जोडी भरायला त्याला आठवडा पुरणार नाही.

बॅटरीच्या हीटरचे दोन प्रकार: खाली ठेवायचा पॅड आणि भोवती गुंडाळायचं ब्लँकेट. झीरोस्टार्टची ब्लँकेटं बरी, बहुतेक ६० ते ८० वॅटची. ब्लँकेट घ्या, रामच्या ट्रेमध्ये पॅड ठेवला की बॅटरी वर उचलली जाऊन होल्ड-डाउन (बॅटरी दाबून धरणारी पट्टी) नीट बसत नाही, आणि हलणारी बॅटरी थंडीपेक्षा लवकर मरते. बॅटरीला वेळ लागतो, तेव्हा ब्लँकेट रात्रभर चालू राहू द्या. तेवढ्याने फार युनिट जात नाहीत.

जोडणी आणि टायमर

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. हीटरला टायमर हवा, चार्जर आणि ब्लँकेटला नको. सगळं एका तीन-तोंडी वायरमध्ये खुपसून मागे टायमर लावला की चार्जरला रात्रीत चारच तास मिळतात. सॉकेट दोन असतील तर दोन वेगळ्या वायरी घ्या. एकच असेल तर आधी फाटा, मग फक्त हीटरच्या फाट्यावर टायमर. १५ अँपिअरच्या सर्किटवर सलग चालणारा भार १४४० वॅटच्या आत ठेवायचा असतो. हीटर ७५०, दोन ब्लँकेटं १६०, चार्जर अंदाजे २००: बसतं. त्यात केबिन गरम करायचा हजार वॅटचा पंखा घुसवला की ब्रेकर जातो.

टायमर काट्यांचा यांत्रिक घ्या, बाहेर वापरायचा, १५ अँपिअरचा. डिजिटल पडदे उणे ३० ला सुस्तावतात. थर्मो क्यूबचं टीसी-१ (तापमान बघून आपोआप चालू-बंद होणारं सॉकेट) उणे १८ ला चालू आणि उणे १२ ला बंद होतं, कमिन्ससाठी ते उशिरा आहे. टीसी-३ साधारण २ अंशांना चालू होतं, ते टायमरच्या पुढे जोडायला बरं.

एक्स्टेंशन वायर १५ मीटरपर्यंत १४ गेज, त्याहून लांब असेल तर १२. स्वस्त पीव्हीसी वायर थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की साल तडकते. थंडीसाठी बनवलेली रबरी घ्या. सकाळी प्लग काढताना हात लावून बघा. वायर कोमट चालते, प्लग गरम लागला तर आतली पकड सैल झाली आहे. असलाच प्लग नंतर वितळतो.

न घेण्यासारखं

चुंबकाने चिकटणारे हीटर पॅनच्या लोखंडापेक्षा बाहेरची हवाच जास्त तापवतात. डिपस्टिकच्या जागी घालायचे तर घेऊच नका, त्यांची ताकद फार कमी आणि ऑइल जागेवर करपण्याची शक्यता. जास्त सीसीएची (थंडीत इंजिन फिरवायच्या करंटची) बॅटरी घेऊन सगळं सुटेल हाही गैरसमज: सीसीए हा आकडा उणे १८ ला, ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या वर राहून मिळणाऱ्या करंटचा, आणि तो पूर्ण चार्ज बॅटरीचा. निम्म्या चार्जवरची मोठी बॅटरी भरलेल्या लहान बॅटरीसमोर हरते.

प्लग मिळतच नसेल, म्हणजे साइटवर किंवा लांबच्या मुक्कामी, तर वेबास्टो किंवा एस्पारचा डिझेलवर चालणारा कूलंट हीटर. पाच किलोवॅटचा असल्याने तासाभरात काम होतं, डिझेल अर्धा-पाऊण लिटर. पण त्याचा पंप आणि पंखा तुमच्याच बॅटरीवर चालतात; छोट्या फेऱ्यांच्या ट्रकला तो बसवणं म्हणजे आधीच उतरलेल्या बॅटरीवर आणखी एक गिऱ्हाईक. किंमतही बाकी सगळ्या सामानाच्या कितीतरी पट.

टेक्सास किंवा ॲरिझोनातून आलेला ट्रक घेतलाय? मग क्रम असा: टाकीतलं उन्हाळी डिझेल संपवून इथलं भरा, कारण ब्लॉक हीटर टाकी आणि फिल्टर गरम करत नाही. वाटेत थंडी गाठणार असेल तर पॉवर सर्व्हिसची पांढरी बाटली (डिझेल गोठू न देणारं मिश्रण) डिझेल अजून पातळ असतानाच टाका. गोठल्यावर उपयोगाची ती लाल. मग कूलंट मोजा, ऑइल बदला, कॉर्ड बसवा, आणि दोन्ही बॅटऱ्यांवरची तारीख वाचा. चार वर्षांपेक्षा जुन्या असतील तर चार्जरच्या आधी त्याच बदला.