प्रदर्शनात खोंडाचे फोटो काढून घेतले, त्या फोटोवाल्याचा रिव्ह्यू

निपाणी-चिकोडी भागात जनावरांच्या प्रदर्शनात पैसे घेऊन फोटो काढणारे आता बरेच झालेत, त्यातल्या एकाकडून यंदा आमच्या कोसा खिल्लार (खिल्लार जातीतलाच एक प्रकार) खोंडाचे फोटो काढून घेतले. नाव टाकत नाही, त्यानंच नको म्हटलंय, सीझनला आधीच फोन उचलायला वेळ नसतो म्हणे (खरंय ते, माझापण लगेच उचलला नव्हता).

रेट एका जनावराला दीड हजार. त्याच मैदानात तीनशेत काढून देणारी पोरं फिरत असतात त्यामुळं आमच्या आबांनी आधी तोंडच वाकडं केलं, "फोटोला दीड हजार? त्यात पेंड येत्या की." पण २०२२ ला जनावरांच्या लंपी रोगाच्या साथीत बाजार बंद पडले तेव्हापासून आमच्याकडं गिऱ्हाईक आधी मोबाईलवर फोटो बघतंय आणि मगच गाडी काढतंय, गाय भरवायला आणणारेपण तसंच, म्हणून मी हट्ट धरला.

माणूस उजाडायलाच हजर. रिंगमध्ये काढत नाही म्हणाला, तिथं जज्जचं काम चालू असतं, आपण मधे लुडबूड करायची नाही. आल्या आल्या विचारलं काय तर खोंडाला रोज सोडतंय-बांधतंय कोण, आणि कासरा त्याच्याच हातात द्यायला लावला. पुढचे पाय जरा उंचवट्यावर येतील अशी जागा शोधली, ऊन स्वतःच्या पाठीमागं ठेवलं आणि लांब जाऊन मोठी लेन्स लावून गुडघ्यावर बसला. आपण मोबाईलनं उभ्या उभ्या वरनं काढतो ना त्यात पाय आखूड आन पोट लोंबतंय असं दिसतंय, त्याचा कॅमेरा खोंडाच्या पोटाच्या लेव्हलला. तोंडाचा फेस ओल्या फडक्यानं पुसला, खुराचा चिखल काढला, चारी पाय वेगवेगळे दिसायला हवेत म्हणून एकेक पाय पुढं-मागं करून घेतला. कासरा ओढून धरला की वेसण ताणते आणि जनावर रडल्यागत दिसतं, म्हणून ढिला सोडायला लावला. मग त्याच्या हाताखालच्या पोरानं लांबनं पेंडीचं रिकामं पोतं फडफडवलं, खोंडानं मान वर केली, दोन्ही कान पुढं, वशिंड ताठ, आणि तेवढ्यात खटाखट! नाद खुळा फोटो आलाय तो.

आता खरं सांगायचं ते हे. आमचं चाललेलं असताना आणखी दोघं कॅमेरे घेऊन त्याच्या खांद्यामागं येऊन उभे. म्हणजे जागा याची, मेहनत याची, पोतं फडफडवायला पोरगं याचं, आणि फोटो त्यांचे फुकटात. त्यातल्या एकानं बाजूनं शिट्टी मारली, खोंडानं मान तिकडं वळवली, पाय हलले, सगळं परत पहिल्यापासनं. हा उठला पण आवाज चढवला नाही, "स्वल्प तडीरी (कन्नडमध्ये, जरा थांबा), मालकांनी पैसे दिलेत, आमचं झालं की त्यांना विचारून काढा." एक जण मागं सरला, शिट्टीवाल्यानं काढलाच. संध्याकाळी तोच फोटो ग्रुपवर, खोंडाच्या पोटावर त्याचं एवढं मोठं नाव आणि खाली "विकणे आहे"! अहो विकणे नाही! सांगोल्यापासनं अथणीपर्यंतचे फोन आबांना. आमच्या फोटोवाल्याला सांगितलं तर त्यानं स्वतः त्या पोराला गाठून पोस्ट काढायला लावली, हे काय त्याच्या दीड हजारात नव्हतं.

आणि हा दुसऱ्याला जे सांगतो ते स्वतःपण पाळतो बरं का. शेजारच्या दावणीला कृष्णाकाठचा बैल होता, ही जात आता बघायला मिळणंच अवघड, त्याचे फोटो दुसरा कॅमेरावाला काढत होता. बैलाच्या मालकानं याला हाक मारली, तुम्हीपण घ्या दोन-चार म्हणून. हा म्हणाला आधी त्यांचं होऊ दे, आणि कॅमेरा खाली घालून बाजूला उभा राहिला, मधनं आडवासुद्धा गेला नाही. ते बघून आबा जरा नरमले. नाहीतर गेल्या साली एकानं बैलांच्या डोक्यावर ड्रोन उडवला होता, दोन जोड्या बिथरल्या, तसले पण हेच धंदे करतात.

एका गोष्टीवरनं मात्र आबांचं त्याच्याशी वाजलंच. आमच्या खोंडाचं डावं शिंग किंचित बाहेर गेलंय, आबा म्हणाले कंप्युटरवर सारखं करा. सरळ नाही म्हणाला. उजेड-रंग करतो, मागची प्लास्टिकची बादली काढतो, पण शिंग, वशिंड, पाठ याला हात लावत नाही, घेणारा दावणीला येऊन बघणारच आहे की. मला पटलं, आबांना अजून पटलेलं नाही.

तक्रारी पण आहेत. दोन दिवसांत देतो म्हणून आठवडा काढला, आणि पाठवले कुठं तर व्हॉट्सॲपवर, सगळे बारीक झालेले, ओरिजनल मागून घ्यावे लागले. घरच्यांचा खोंडासोबत एक काढा म्हटलं तर त्यात खोंड एकदम राजा आणि आमच्या आईचे डोळे मिटलेले, माणसांचे फोटो याच्याकडनं काढून घेऊ नका.

बाकी चार स्टार. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेच्या आसपास मिळत नाही, आधीच सांगून ठेवा. मराठी-कन्नड दोन्ही बोलतो, रायबाग-अथणीकडच्यांना अडचण नाही, खानापूरकडं यायचं तर गाडीखर्च वेगळा घेतो. आणि जनावर आदल्या दिवशीच धुऊन ठेवा, सकाळी धुतलं की अंग ओलं राहून पांढरं खिल्लार पण काळपट दिसतंय, मग वाळेपर्यंत थांबायला लावतो आणि तोवर ऊन डोक्यावर येतं.